हात लावून पाहण्याचे संग्रहालय



वसंतात भरणाऱ्या व्याख्यानांना श्रोते येतात ते साधारणपणे दोन अपेक्षा मनात धरून. राजकारणाची गरमागरम मीमांसा ऐकावी, नाही तर एखाद्या साहित्यिकाचे रसाळ बोलणे ऐकावे. माझ्यापाशी यांतले काहीच नाही. मी बोलणार आहे जाते, पाभर, मापटे आणि चिपटे यांच्याविषयी. आणि या वस्तू ज्या खोलीत मांडायच्या त्या खोलीत मुलांनी, त्यांच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी मिळून काय करावे, याविषयी. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील दोघा-तिघांनी घड्याळाकडे पाहिले, हे माझ्या ध्यानात आले. त्यांना एवढेच सांगतो की, हा विषय जुन्या काळाचा दिसला तरी तो घाईचा आहे. वस्तू अजून शंभर वर्षे राहतील. त्या चालविता येणारे हात आज सत्तरीच्या पुढे गेलेले आहेत.

संग्रहालय म्हटले की आपल्यापुढे राजेरजवाड्यांच्या तलवारी, मूर्ती आणि नाणी येतात. आपल्या जुन्नर तालुक्याला तर या बाबतीत कशाचीच उणीव नाही. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे आणि त्या लेखात भारतातील फार जुन्या अंकचिन्हांपैकी काही चिन्हे कोरलेली आहेत. पाहुणा आला की आपण त्याला हे सारे अभिमानाने दाखवितो. पण त्याच पाहुण्याने आपल्या माळ्यावर पडलेली पाभर पाहावयास मागितली, तर आपण ओशाळतो. 'ती काय पाहायची, अडगळ आहे,' असे म्हणतो. अडगळ आणि ऐतिहासिक वस्तू यांत अंतर बहुतेक वेळा फक्त काचेचे असते.

हे अंतर महाराष्ट्रात ज्यांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पुसले, ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. १८९६ साली जन्मलेला हा गृहस्थ 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत असे. पुढे त्यांना जडलेला नाद निराळाच होता. अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपे, वज्र्या, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, दरवाजे अशा वस्तू ते गावोगाव हिंडून गोळा करीत. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी या संग्रहास दिले आणि २०,००० हून अधिक वस्तूंचा तो ठेवा शासनाच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, स्वाधीन केला. पायाची टाच घासण्याच्या वज्रीवरही कोणी कलावंताने मोर बसविला होता, ही गोष्ट महाराष्ट्राला दाखविली ती केळकरांनी. त्यांचे हे ऋण मान्य करूनच मला पुढचे बोलावयाचे आहे.

पुढचे असे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात (कोणत्या, ते महत्त्वाचे नाही) मी एक कुटुंब पाहिले. वडील, आई, दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि नऊवारी नेसलेली आजी. वडील प्रत्येक पेटीपुढे उभे राहून पाटी मोठ्याने वाचीत होते. मुलगा ऐकल्यासारखे करीत होता. आजी मागे राहिली होती, कारण तिला वाचता येत नव्हते आणि तिला कोणी काही विचारीतही नव्हते. एका पेटीत जाते होते. पाटीवर लिहिले होते, 'जाते, दगडी, धान्य दळण्याचे साधन.' वडिलांनी वाचले आणि ते पुढे गेले. आजी मात्र तिथेच थांबली. तिने नातवाला हाक मारली, जमिनीवर बसली, एक पाय पसरला, एक मुडपला, आणि रिकाम्या हवेत उजवा हात गोल फिरवीत डाव्या हाताने घास टाकू लागली. नातू पाहतच राहिला. एवढ्यात पहारेकरी आला आणि 'बाई, इथे बसायचे नाही' म्हणाला. आजी उठली. पहारेकऱ्याचे काही चुकले नव्हते. त्याला तसेच सांगितलेले होते. पण त्या दालनात जात्याविषयी खरे ज्ञान असलेली एकच व्यक्ती होती आणि तिलाच नियमाने उठविले.

माझे सांगणे सारे यातच आहे. काचेच्या पेटीतल्या वस्तूपुढे ज्याला वाचता येते तो गुरू होतो. वस्तू हातात दिली की गुरू बदलतो. आजवर मागे उभी राहिलेली आजी पुढे येते, वडील विद्यार्थी होतात, आणि मुलाला प्रथमच कळते की आपल्या घरात न शिकलेले असे समजले जाणारे माणूस किती शिकलेले आहे. परदेशात आणि आता आपल्या मोठ्या शहरांत संग्रहालयांतून जी 'हाताने शिकण्याची दालने' निघाली आहेत, त्यांच्याकडे पुष्कळ जण मुलांना गुंतवून ठेवण्याची सोय म्हणून पाहतात. आईबापांनी मोठे दालन निवांत पाहावे आणि पोरांनी कोपऱ्यात ठोकळे खेळावेत! असल्या कोपऱ्याविषयी मला फारसा उत्साह नाही. मला हवी आहे ती तीन पिढ्यांची खोली.

आता हे बोलणे हवेत राहू नये म्हणून आपण आण्याच्या पठारावर जाऊ. आळेफाट्याकडून नगरच्या रस्त्याने निघाले की घाट चढून आपण आण्याला पोहोचतो. आणे, पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी, आनंदवाडी ही पठारावरची गावे. आपल्या जुन्नर-आंबेगावात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणे झाली, खालचा मुलूख ऊस आणि द्राक्षे पिकवू लागला. पठार मात्र पर्जन्यछायेत आणि कालव्याहून उंच राहिले. तिथली शेती पावसाच्या भरवशावर चालते, आणि अशा शेतीत पेरणी ही एकच संधी असते. ती साधावयाची ती पाभरीने.

पाभर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. खाली फण, फणांतून वर आलेल्या नळ्या, आणि त्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे लाकडी वाटीसारखे चाडे. तीन फण असले तर ती तिफण. संग्रहालयात पाभर ठेवा, पाटीवर सर्व भागांची नावे लिहा, छायाचित्र लावा. तरी तिच्यातले मुख्य यंत्र पाहणाऱ्याला दिसत नाही, कारण ते यंत्र म्हणजे पेरणाऱ्याची मूठ. बैल चालत आहेत, ढेकळांवरून पाभर उसळते आहे, आणि चाड्यावर धरलेली मूठ मात्र एकसारखी सुटते आहे. बाजरीचे बी एकरी दीड-दोन किलोच लागते. म्हणजे अर्ध्या पाटीपेक्षाही कमी दाणे सबंध एकरभर सारखे पसरायचे! मूठ सैल पडली तर बी निम्म्या रानातच संपते, आवळली तर ओळीत खांडण्या पडतात, आणि ती चूक कळते आठवड्याने, पाऊस निघून गेल्यावर. 'चाड्यावर मूठ धरणे' हा आपल्याकडे मानाचा विषय होता तो यामुळे.

आता कल्पना करा की एका खोलीत लाकडी चौकटीवर पाभर उभी केली आहे. नळ्यांच्या खाली तीन डबे आहेत. मुलाने चाड्यात बाजरी सोडावयाची आणि मग तिन्ही डब्यांतले दाणे मोजावयाचे. पहिल्या खेपेस एका डब्यात मूठभर आणि दुसऱ्यात पाच दाणे पडतील. वडिलांची खेप त्याहून फार चांगली होणार नाही. मग आजोबांनी किंवा आजीने मूठ धरावी. डबे मोजल्यावर जे दिसेल, ते कोणत्याही पाटीवर लिहिता यावयाचे नाही. त्या मुलाला सरासरीचा हिशोबही इथे आपोआप शिकविता येईल, पण तो दुसरा लाभ.

मापांचेही तसेच आहे. १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली आणि ती आली हे चांगलेच झाले; गावोगावचा शेर निराळा असण्यात सावकाराचा लाभ होता, कुणब्याचा नव्हता. पण जुन्या मापांची रचना पाहण्याजोगी आहे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. सारा कारभार दुपटी-निमपटीचा. ज्याला पाढे येत नव्हते त्यालाही ओतून पाहता येत असे. चौथीच्या वर्गात अपूर्णांक म्हटला की निम्मी मुले भितात. त्यांच्यापुढे ही मापे आणि पोतेभर बाजरी ठेवा, आणि पायलीत किती चिपटी मावतात ते त्यांनाच ठरवू द्या. सोळा हे उत्तर मिळविताना जमिनीवर थोडी बाजरी सांडेल. सांडू द्यावी.

याच मापांनी आणखी एक धडा शिकविता येतो. तो शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. माप भरावयाच्या दोन रीती होत्या. कडेपर्यंत भरून हात फिरविला की ते सपाट माप. वर दाण्यांचा ढीग चढू दिला की ते शिगेचे माप. एकच मापटे आणि तेच धान्य घेऊन मुलाने दोन्ही तऱ्हांनी भरावे आणि मग तराजूत तोलावे. घेताना शिगेने घेणारा आणि देताना सपाट देणारा माणूस वर्षाकाठी किती धान्य खाऊन जात असेल, याचा हिशोब त्याने घरी जाऊन मांडावा. कर्जबाजारीपणाच्या इतिहासावर याहून चांगले व्याख्यान मला देता येणार नाही.

पण इथे मला स्वतःलाच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. जुन्या वस्तूंविषयी बोलताना आवाज आपोआप मऊ होतो. पहाट, जाते, ओवी. चित्र मोठे गोड दिसते. ज्या बाईला चार वाजता उठून घरच्या दहा माणसांचे पीठ काढावे लागे, तिला ते किती गोड वाटत होते? पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पुरुषांनी 'गिरणीच्या पिठाला चव नाही' म्हणून नाके मुरडली असतील. बायकांनी नाही मुरडली. म्हणून माझ्या खोलीत मुलाने जात्यावर एक घास दळून टाळ्या घ्यावयाच्या नाहीत. एक शेर दळावयाचे. अर्ध्यात खांदा भरून येतो. त्यानंतरच आजीने ओवी म्हणावी. ओवी कशासाठी होती हे मग सांगावे लागणार नाही. दोघींनी समोरासमोर बसून एकच खुंटा धरावयाचा, एकीच्या ओढीत दुसरीने विसावा घ्यावयाचा, आणि जे कोणापाशी बोलता येत नाही ते दगडापाशी बोलावयाचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने त्या क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या चाळून पाहा. माहेर, भाऊ, विठ्ठल आहेतच. पण सासुरवास आहे, उपास आहे, पोटच्या लेकीची काळजी आहे. हे सारे वाङ्मय हाताच्या फेऱ्यावर बसविलेले आहे. फेरा थांबला की पुढचे चरण आठवेनासे होतात, हे ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, पण या व्यासपीठावर ती बोललीच पाहिजे. बारा बलुतेदारांची म्हणून जी चित्रे आपण मांडतो त्यांत सगळेच हसतमुख असतात. सुतार हसतो, कुंभार हसतो, दोर वळणारा हसतो. मोटेचे कातडे कोणी कमावले, नाडा कोणी वळला, आणि ज्या विहिरीवर ती मोट चालली त्या विहिरीचे पाणी त्यांना भरता येत होते काय? हा प्रश्न मूल विचारणारच, आणि त्या खोलीत त्याचे खरे उत्तर मिळाले पाहिजे. वस्तूपुढे तिच्या करणाऱ्याचे नाव, त्याला मिळणारे बलुते आणि त्याचे घर गावाच्या कोणत्या बाजूस होते हे लिहिलेले नसेल, तर ते संग्रहालय अर्धेच बोलते. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाने गावगाड्याचे मोठे शिल्पमय दर्शन उभे केले आहे. पुतळे इतके हुबेहूब आहेत की लांबून माणसेच वाटतात, आणि हजारो कुटुंबे ते आवडीने पाहतात. ते पाहून आल्यावर माझ्या मनात दोन इच्छा राहिल्या. त्या पुतळ्यांपैकी एखाद्याने हातातले काम मला करू द्यावे. आणि एखाद्याने आपली तक्रारही सांगावी.

जगात ही वाट नवी नाही. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियस याने १८९१ साली स्टॉकहोम शहरात स्कान्सेन उघडले. निरनिराळ्या प्रांतांतली शेतकऱ्यांची घरे उचलून त्याने मोकळ्या टेकडीवर आणून बसविली. देशी संस्कृतीचे उघड्यावरचे संग्रहालय ही कल्पना तिथून जगभर गेली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली खास मुलांसाठी संग्रहालय निघाले. पण काच खरोखर बाजूस सारली ती बॉस्टनच्या बालसंग्रहालयात, मायकेल स्पॉक यांनी, १९६२ नंतर. बालसंगोपनावरील ज्यांचे पुस्तक घरोघरी पोहोचले त्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. गंमत अशी की या मायकेलला लहानपणी वाचन फार जड गेले होते. पाट्यांपुढे कंटाळणाऱ्या मुलाची बाजू त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याला परदेशाकडे पाहण्याचीही फारशी गरज नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यात असलेल्या) बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसोरीबाईंची साधने सुंदर, पण खेड्याला न परवडणारी. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरे चारावयास जात त्या कुरणातच शाळा नेली. मूल हाताने शिकते आणि त्यासाठी लागणारे सामान अंगणातच पडलेले असते, हे त्या दोघींनी आपल्या मातीत सिद्ध करून दाखविले. मला आश्चर्य वाटते ते याचे की हा विचार बालवाडीच्या उंबऱ्यावरच थांबला. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या नळ्या आणि कागद यांतून विज्ञानाची खेळणी केली, तेव्हा विज्ञानापुरता तो पुन्हा पुढे आला. संस्कृतीच्या बाबतीत मात्र आपण अजून 'हात लावू नये' या पाटीपाशीच उभे आहोत.

अगदीच उभे आहोत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एक संग्रहालयच बसमध्ये घालून गावोगाव पाठविले, आणि २०१९ साली आपल्या आवारात, जुन्या गोरखचिंचेच्या झाडाशेजारी, मुलांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. चांगली गोष्ट आहे. पण मुंबईला जाऊन येण्यात आण्याच्या कुटुंबाचा एक दिवस आणि एक पगार जातो, आणि आजी तर येतच नाही. तिचे गुडघे दुखतात. जिच्यासाठी खोली, तीच घरी राहिली तर काय उपयोग?

आता आक्षेपाकडे वळतो, कारण संग्रहालयशास्त्र जाणणारे कोणी इथे असतील तर ते इतका वेळ अस्वस्थ झाले असतील. हाताच्या घामाने पितळ काळवंडते, लाकूड तेलकट होते, कापड विरते. हजार मुलांनी उघडलेले कुलूप एक हजार एकाव्या मुलासाठी उरत नाही. हे सर्वस्वी खरे आहे. शंभर-दोनशे वर्षांची नक्षीची वस्तू काचेतच राहिली पाहिजे आणि पहारेकऱ्याने ती राखलीच पाहिजे. पण वापरावयाची पाभर शंभर वर्षांची कशाला हवी? ती नवी करून घ्यावी. आज सुताराकडे दारे-खिडक्यांचे काम आहे, तेही तयार फ्लशच्या दारांनी कमी होत चालले आहे. ज्याच्या वडिलांनी पाभरी केल्या त्या सुताराने एक नवी पाभर करावी आणि ती करताना मुलांनी पाहावे. मोडली तर त्यानेच दुरुस्त करावी. जात्याला टाकी लावणारा शोधून आणावा, कुंभाराकडून रांजण घडवून घ्यावा. अशा रीतीने वस्तूबरोबर ती करण्याची विद्याही टिकते.

प्रतिकृतीने खरेपणा जातो, असे काहींना वाटते. मी त्यांना आपल्याच तालुक्यातील बोरीचे उदाहरण देतो. कुकडीच्या काठी बोरी येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारे सापडली. ती राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची असल्याचे मानले जाते. ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची आणि किती जुनी, याविषयी पंडितांत अजून वाद आहे, आणि त्यावर हत्यारांचे वय अवलंबून आहे. तो वाद आपण त्यांच्यावर सोपवू. पण हातकुऱ्हाड म्हणजे काय हे पुस्तकातल्या चित्राने कधीच कळत नाही. चित्रात ती नुसता टोकदार धोंडा दिसते. आपल्याच काळ्या दगडाची तशीच घडविलेली कुऱ्हाड मुलाच्या तळहातात ठेवा. तो ती दोन-तीनदा फिरवील, आणि मग एका क्षणी त्याची बोटे बरोबर जागी बसतील. ते टोक कशासाठी आणि हा जाड भाग कशासाठी, हे त्याचा हातच त्याला सांगेल. दगड नवा आहे, पकड मात्र लाखो वर्षांपूर्वीची आहे.

या सगळ्याला किती खर्च येईल, असे मला जुन्नरच्या एका गृहस्थांनी विचारले होते. इमारत बांधावयाची म्हटली तर फार. आणि आपल्याकडे दुर्दैवाने इमारतीपासूनच सुरुवात होते. कोनशिला बसते, आत काय ठेवावयाचे ते नंतर. मी म्हणतो, आण्यासारख्या गावी एक रिकामी, कोरडी, उजेडाची खोली मिळाली तरी पुरे. वस्तू माळ्यांवर आहेत. त्या तिथून मोडीच्या दुकानात जाण्यापूर्वी खोलीत आल्या पाहिजेत एवढेच. कल्याण-नगर रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना हे आपल्या आधी कळले आहे. गाडीचे चाक, कंदील, नांगर त्यांनी भिंतीला टांगून ठेवले आणि गिऱ्हाइके त्यांखाली उभी राहून छायाचित्रे काढतात. चाक टांगल्यावर फिरत नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलेले नाही.

आणि आण्याच्या लोकांना हाताने शिकणे म्हणजे काय हे मी सांगावयास नको. श्रीरंगदास स्वामींच्या यात्रेत तिथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, भाकरींचे ढीग लागतात आणि हजारो माणसे जेवतात. घरच्या पातेल्यात पाच माणसांची आमटी करणे निराळे आणि अशी कढई उतरविणे निराळे. मसाला किती, पाणी कधी, जाळ केव्हा ओढावयाचा, हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून, धूर डोळ्यांत घेत शिकावे लागते, आणि तरुण पोरे ते तसेच शिकत आली आहेत. ही विद्या टिकली, कारण तिचा वापर थांबला नाही. पाभरीचा वापर ट्रॅक्टरने थांबविला, जात्याचा गिरणीने, मोटेचा पंपाने. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. ज्या विद्येला शेतात आणि घरात जागा उरली नाही तिला एक खोली द्यावी, इतकीच मागणी आहे.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तर एक गावच पाण्याखाली गेले. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला त्याचे नाव आहे, कचेरी घोडेगावास आहे. गाव उठते तेव्हा माणसे काय नेतात? भांडी, देव, कपडे, गुरे. घरात रोवलेले जाते आणि दारचा उखळाचा दगड नेणे सर्वांनाच साधले असेल असे नाही. आपले गाव बुडालेले नाही. आपल्या वस्तू घरातच आहेत, आणि त्या चालविणारी माणसे ओसरीवर बसलेली आहेत.

काम सुरू करावयाचे तर मे महिन्यात करावे. पुण्या-मुंबईची, ठाण्याची नातवंडे तेव्हा गावी येतात आणि दुसऱ्या दिवशीच कंटाळतात. पहिल्या वर्षी पाभर, जाते आणि मापे या तीनच गोष्टी ठेवाव्यात. नारायणगावची एखादी ढोलकी मिळाली तर फारच उत्तम. शाईवर बोट कुठे पडले की कोणता आवाज निघतो हे पोरांना दाखविणारा तमासगीर आपल्या तालुक्यात सापडायला वेळ लागू नये. आठवड्यातून दोन दुपारी दोन जाणती माणसे तिथे बसावीत, आणि त्यांना त्याचा मोबदला द्यावा. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. व्याख्यात्याला आपण मानधन देतो. चाड्यावर मूठ धरून दाखविणाऱ्या आजीला नुसता नारळ देऊन चालणार नाही.

राहता राहिला किल्लीचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडची कितीतरी वाचनालये किल्ली न सापडल्यामुळे बंद पडली आहेत. किल्ली शाळेत ठेवू नये, कारण मुलांना सुट्टी असते तेव्हा शाळेलाही असते. ती कचेरीतही ठेवू नये. तिथे साहेब दौऱ्यावर असतात. खोलीच्या शेजारी ज्या घरात म्हातारे माणूस दिवसभर ओसरीवर असते त्या घरात, दाराआडच्या खुंटीला ती अडकवावी, म्हणजे कोणतेही पोर जाऊन 'आजी, किल्ली द्या' म्हणेल, आणि आजी बहुधा नुसती किल्ली न देता उठून त्याच्याबरोबर येईल.